प्रवाळाचा तुकडा रुजतो कसा?

प्राणी मधोमध कापला तर मरतो, ही आपली साधी समज. प्रवाळ हाही प्राणीच. पण त्याचे धारदार पात्यानं चार तुकडे केले तर काही आठवड्यांनी चार प्रवाळ तयार झालेले दिसतात. घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांना हे ठाऊक असतं आणि ते असे तुकडे करून प्रवाळ वाढवतातही. त्यांच्या भाषेत या तुकड्याला ‘फ्रॅग’ म्हणतात. आता कोडं असं की कापण्यातून सहीसलामत सुटलेला हा चिवट जीव पुढे एका क्षुल्लक कारणानं जातो. दगडावर बसवलेला तुकडा रात्रीतून सुटतो, वाळूत पडतो, आणि चार दिवसांत कडेपासून कुजायला लागतो. सुरीनं जे झालं नाही ते चार बोटं उंचीवरून पडल्यानं कसं होतं?

याचं उत्तर कळलं की प्रवाळ वाढवण्यातलं बहुतेक सगळं कळतं. शिवाय घरातल्या टाकीत लागू पडणारं हे उत्तर मालवणच्या समुद्रतळाशीही तसंच लागू पडतं.

कापल्यावर मरत का नाही?

आपण ज्याला एक प्रवाळ म्हणतो ती बहुधा वसाहत असते. तिच्यातला एकेक जीव म्हणजे पॉलिप: खाली बूड, वर एकच तोंड, तोंडाभोवती शुंडकांची झालर. एका पॉलिपला बाजूनं फुटवा येतो, त्याचा दुसरा पॉलिप होतो, आणि असं करत शेकडो पॉलिप एकाच पातळ मांसल पडद्यानं जोडलेले राहतात. ते सगळे आनुवंशिकदृष्ट्या एकच. मेंदू नाही, हृदय नाही, ज्याच्याशिवाय अडेल असा एकही मध्यवर्ती अवयव नाही. म्हणून वसाहतीतून दहा पॉलिप वेगळे काढले तर दहांची नवी वसाहत सुरू होते. समुद्रात हे नेहमीच घडतं. वादळात फांद्यांचं प्रवाळ मोडतं, फांदी पुढे कुठेतरी खडकाच्या खाचेत अडकते आणि तिथे वाढते.

मशरूम कोरल नावाचा प्रकार तर याहून पुढे जातो. तो एकटाच पसरट पॉलिप असतो, बशीएवढा, मधोमध तोंड. तोंडातूनच उभा छेद दिला तरी दोन्ही अर्धुकं जगतात. कापल्याबरोबर कडा आत वळतात, भरपूर चिकट स्राव सुटतो आणि तुकडा आक्रसून निम्मा होतो. नवख्याला वाटतं की संपलं सगळं. पण आठवडाभरात कापलेल्या कडा एकमेकींना मिळतात, बशी पुन्हा गोल व्हायला लागते आणि तोंडही नव्यानं तयार होतं.

टाकीत वाढवतात त्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. त्यामुळे तोंड बंद झालेला तुकडाही उपाशी राहत नाही, त्याचा स्वयंपाक आतच चाललेला असतो.

जखमेची कड

मग मरण येतं कुठून? ते येतं हलण्यातून. कापलेल्या कडेवर जी नवी त्वचा चढते ती सुरुवातीला अतिशय पातळ असते. तुकडा दगडावर डुलत राहिला तर प्रत्येक हेलकाव्याला ती कड घासते आणि आदल्या दिवशी भरलेलं पुन्हा उघडं पडतं. उघड्या जखमेवर जिवाणू आणि सूक्ष्म केसाळ जीव बसतात. मग तिथे तपकिरी, लिबलिबीत थर दिसू लागतो आणि एका रात्रीत तो पुढे सरकतो. तुकडा वाळूत पालथा पडला तर आणखी वाईट: उजेडाची बाजू खाली जाते, कण तोंडात बसतात, आणि ते बाहेर टाकण्यासाठी प्रवाळ सारखा स्राव सोडत राहतो. जखम भरायला लागणारी ताकद त्यातच खर्च होते.

कोकणात आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. खुंट आणि फांदी कितीही सफाईनं कापली तरी पट्टी सैल राहिली आणि सांधा हलला की कलम गेलं. पट्टीचं काम जोडण्याचं नसतंच. जोडतं झाड, पट्टी फक्त तोवर हलू देत नाही.

तुकडा दगडावर बसवायला वापरतात त्या गोंदाचंही तेच आहे. टणक सांगाड्याच्या प्रवाळात बुडाशी असलेल्या पेशी पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुन्याचा दगडी थर रचतात. तुकडा स्थिर राहिला की त्याचा मांसल पडदा हळूहळू गोंदावरून, मग खालच्या दगडावर पसरतो आणि पसरता पसरता आपल्याखाली दगड घालत जातो. असं झालं की मूळचा गोंद तडकला, झिजला तरी फरक पडत नाही. मऊ प्रवाळ असा सांगाडा रचत नाही, पण त्याच्या बुडाची त्वचा खडबडीत पृष्ठभागाला घट्ट धरते. त्यालाही हवे असतात ते न हललेले दोन-तीन आठवडे.

पाणी हलावं, तुकडा हलू नये

यावर कुणी म्हणेल, मग पंप बंदच ठेवावा. तसं केलं तर तुकडा गुदमरतो. प्रवाळाला फुप्फुसं नाहीत की कल्ले नाहीत. प्राणवायू त्वचेतूनच आत जातो, मळ त्वचेतूनच बाहेर पडतो. पाणी थांबलं की त्वचेलगत शिळ्या पाण्याचा पातळ थर साचतो. वाहतं पाणी तो सतत धुऊन नेतं, सुटलेला स्रावही वाहून नेतं. सगळी कसरत या दोन गरजांमध्ये आहे. प्रवाह हवा, पण सरळ झोत नको. पंपाचं तोंड काचेकडे वळवून तिथून परतलेलं पाणी तुकड्यांवर आलं तर बरं. उजेडही पहिल्या आठवड्यात कमी ठेवावा, तुकडे खाली किंवा कडेला ठेवावेत आणि मग टप्प्याटप्प्यानं वर आणावेत.

आधी कायद्याचं

हे वाचून कुणी मालवण किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरून तुकडा आणायला निघण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २००१ मध्ये केंद्र सरकारनं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश केला. दगडी सांगाड्याची सर्व प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ, हे सगळे त्यात आले. वाघाला जे संरक्षण तेच यांना. ती समुद्रातून काढणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि मेलेला पांढरा सांगाडाही त्यातून सुटत नाही. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा खडा टाकीत शोभेला ठेवणंही टाळायला हवं, आणि मेलेल्या प्रवाळाचे दगड ‘रॉक’ म्हणून विकले जात असतील तर ते घेऊ नयेत.

माझं मत विचाराल तर घरच्या टाकीनं या मर्यादेत आनंदानं राहावं. मशरूम, झोआन्थिड (बटणासारख्या पॉलिपांचा गालिचा) आणि लेदर कोरल (छत्रीसारखं मऊ प्रवाळ) हे प्रकार त्या यादीत नाहीत. ते कणखर असतात, वर्षानुवर्षं वाढतात आणि एकाचे अनेक करायला सगळ्यात सोपे. घेताना मात्र ते कुठून आले याचं बिल मागावं, आणि टाकीत वाढवलेलंच घ्यावं. तुकड्याच्या बैठकीसाठी सिरॅमिकचे प्लग (बुचासारख्या छोट्या बैठका) किंवा सिमेंटचे खडे वापरावेत. खडे घरी ओतले असतील तर ते टाकीत टाकण्याआधी कित्येक आठवडे साध्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, त्यातला क्षार काढून टाकावा लागतो. नाहीतर पाण्याचा सामू भलताच वर जातो.

गोंद पाण्यात कसा धरतो?

फेविक्विकच्या जातीचा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत हॅरी कूवर यांच्या हाती तो १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बंदुकीच्या दुर्बिणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिक शोधताना लागला. ज्याला त्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकला गेला आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आला. बहुतेक गोंद वाळून घट्ट होतात, हा ओलाव्यानं घट्ट होतो. त्याचे सुटे रेणू पाण्याचा स्पर्श होताच एकमेकांत गुंफून लांब साखळ्या बनवतात. म्हणूनच ओल्या बोटांना तो क्षणात धरतो, आणि म्हणूनच प्रवाळाच्या कामाचा आहे.

पण याच गुणात एक अडचण आहे. गोंदाचा थेंब पाण्यात नेला की त्याच्या बाहेरच्या बाजूला लगेच पांढरट साय धरते. त्या सायीवर तुकडा नुसता टेकवला तर तो सायीला चिकटतो, दगडाला नाही, आणि सकाळी वाळूत सापडतो. गोंद ‘खराब’ निघाला म्हणून लोक चिडतात ते यामुळेच. उपाय हाताच्या हालचालीत आहे. पातळ गोंद ओघळतो, म्हणून दाट, जेलसारखा घ्यावा. तुकड्याचं बूड आणि प्लग दोन्ही टिपकागदानं टिपून घ्यावेत, वाटाण्याएवढा गोंद लावावा, आणि तुकडा टेकवताना किंचित पिळून दाबावा, म्हणजे साय फाटून आतला ताजा गोंद दोन्हीकडे लागतो. मग दहा-पंधरा सेकंद हात तसाच ठेवावा. हे सगळं पाण्याबाहेर करून मग प्लग टाकीत ठेवला तर आणखी चांगलं. थोडा वेळ हवा लागल्यानं मऊ प्रवाळाला काही होत नाही.

जड तुकडा उभ्या खडकावर बसवायचा असेल तर एकटा गोंद पुरत नाही, कारण घट्ट झाल्यावर तो ठिसूळ होतो. तिथे दोन रंगांची कालवून घ्यायची इपॉक्सी पुट्टी लागते. ती पोकळी भरते, वजन पेलते, पण तिची स्वतःची पकड कमी. म्हणून आधी गोंद, मध्ये पुट्टी, वर पुन्हा गोंद असा थर करतात. पुट्टी मत्स्यालयासाठी बनवलेलीच घ्यावी, आणि एका वेळी थोडीच. घट्ट होताना ती पाण्यात काही द्रव्यं सोडते आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र, काही तास उतू जाऊ शकतं.

ज्यांना गोंद चालत नाही

मशरूमला गोंद लावून पाहा: बुडाखाली स्रावाचा थर तयार होतो आणि तो गोंदासकट निसटतो. त्याला बळजबरीनं चिकटवण्यात अर्थ नाही. एका उथळ वाटीत खडे पसरावेत, त्यावर कापलेले तुकडे ठेवावेत, वरून मच्छरदाणीची जाळी रबरबँडनं बांधावी आणि वाटी टाकीच्या शांत कोपऱ्यात ठेवावी. जाळी औषध न लावलेली हवी, कारण डास मारणारं औषध कोळंबी-खेकड्यांनाही मारतं. तुकडे आपापला खडा निवडून धरतात. मग तो खडा उचलायचा आणि गोंद लावायचा तो खड्याला. प्रवाळाला गोंदाचा स्पर्शही होत नाही. मला ही पद्धत सगळ्यांत आवडते, कारण इथे घाई करण्याची सोयच नाही.

लेदर कोरलची छत्री कापली तर खालचं खोड पुन्हा छत्री काढतं आणि छत्रीच्या प्रत्येक फोडीचं नवं झाड होतं. या फोडी दोऱ्यानं बांधतात. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात सुताला तोटा नाही, पण कोणतं घ्यावं हे समजून घेतलं पाहिजे. नायलॉनची बारीक तार मांसात रुतून तुकडा कापते. रंगवलेला, खळ चढवलेला धागा पाण्यात काय सोडेल ते सांगता येत नाही. कोरा, जाडसर सुती धागा धुऊन सैलसर दोन वेढे देऊन बांधला तर तुकडा धरतो आणि पुढे धागा आपोआप कुजून जातो. तोवर त्याचं काम झालेलं असतं. कापल्यावर लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडतं, त्यामुळे हे काम वेगळ्या भांड्यात करून, तुकडे टाकीच्याच पाण्यात खळबळून मग आत न्यावेत, आणि टाकीत सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी.

> चौकट: झोआन्थिड कापताना
>
> झोआन्थिडच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हवाई बेटांवरच्या अशाच एका जातीतून १९७१ मध्ये ते वेगळं काढण्यात आलं. आपल्या पेशींच्या पटलात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारे पंप असतात. हे विष त्यांना सताड उघडं छिद्र बनवतं. म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोआन्थिड कापू नये. हाताला जखम असेल तर त्या दिवशी हे काम नकोच. झोआन्थिड असलेला दगड कधीही गरम पाण्यात उकळू नये किंवा कोरडा घासू नये, वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं. घरात लहान मुलं असतील तर वापरलेलं पातं आणि भांडं लगेच बाजूला करावं. त्रास झाला तर डॉक्टरांना विषाचं नाव सांगावं.

मालवण आणि वरळी

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे हेच अनेकांना नवं वाटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आहे. तिथलं मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्गच्या किनारी जैवविविधतेसाठी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं जो प्रकल्प झाला, त्यात तुतिकोरीनच्या सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथे प्रवाळाचं पुनर्रोपण केलं. ही संस्था मन्नारच्या आखातात हेच काम या शतकाच्या सुरुवातीपासून करत आली आहे. तिथे तुकडे सिमेंटच्या लाद्यांवर बसवून त्या लाद्या तळाशी ठेवलेल्या चौकटींवर ठेवतात, म्हणजे तुकडे वाळू-गाळाच्या वर राहतात आणि लाटेनं लोळत नाहीत. घरच्या प्लगची ही मोठी आवृत्ती.

मुंबईत प्रश्न वेगळ्या वाटेनं आला. सागरी किनारा मार्गाच्या भरावाखाली वरळी आणि हाजी अली इथली प्रवाळं जाणार होती. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्यामुळे वनविभागाची परवानगी लागली, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून त्यांचं स्थलांतर झालं. काही कुलाब्याच्या नेव्ही नगर परिसरात नेली गेली. ही रायझँजिडी कुळातली, खडकाला चिकटून राहणारी लहानशी प्रवाळं. गढूळ पाण्यात, ओहोटीला उघडी पडत, शहराच्या कुशीत ती जगत होती. ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन हे जीव दाखवणारा ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून काम करतो आहे. अशा फेरीत एकदा तरी जावं, हात न लावता बघावं. टाकीतल्या रंगीत मशरूमपेक्षा हा मातकट जीव मला अधिक मोलाचा वाटतो.

तुकडे करण्याच्या शास्त्रात मोठी भर फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत पडली. तिथले शास्त्रज्ञ डेव्हिड व्हॉन यांच्या हातून टाकीच्या तळाला धरलेलं एल्कहॉर्न प्रवाळ उचलताना मोडलं आणि थोडे पॉलिप तळाशीच राहिले. ते मरतील असं वाटलं होतं, पण काही आठवड्यांत ते झपाट्यानं पसरलेले दिसले. त्यातून हळू वाढणाऱ्या प्रवाळाचे मुद्दाम सेंटिमीटरभराचे तुकडे करून शेजारी शेजारी लावण्याची पद्धत आली. एकाच वसाहतीचे तुकडे वाढत एकमेकांना भिडले की एकजीव होतात. दोन वेगळ्या वसाहतींचे भिडले तर दंश करणाऱ्या पेशींनी लढतात आणि मध्ये मेलेली पांढरी पट्टी राहते. घरी प्लग मांडताना हे ध्यानात ठेवावं: एकाच मूळच्या तुकड्यांना जवळ, परक्यांना चांगलं वीतभर दूर.

भिवंडीतली टाकी

भिवंडीला खाडी जवळ असली तरी तिचं पाणी टाकीत घालण्यासारखं नाही. ते गढूळ असतं, आणि कामवारी आणि उल्हास या नद्यांचं गोडं पाणी मिसळल्यानं पावसाळ्यात त्याचा खारटपणा फारच उतरतो. आरओचं पाणी आणि मत्स्यालयाचं मीठ यांतून समुद्राइतका, म्हणजे हजारी ३५ भागांचा, खारटपणा बनवावा लागतो. नळाच्या पाण्यातल्या फॉस्फेट आणि सिलिकेटमुळे शेवाळ माजतं आणि ते ताज्या तुकड्याच्या कडेवर पहिल्यांदा चढतं. पाणी उडून गेलं की मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची घालायची.

तापमान २४ ते २७ अंशांत ठेवणं हे इथलं सगळ्यांत अवघड काम. नेहमीच्या उन्हाळी पातळीपेक्षा पाणी एक-दोन अंशांनी जास्त काळ वर राहिलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाण्यावर सोडलेला पंखा बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरवतो, पण हवा दमट असेल तेव्हा तोही हरतो, आणि मेमध्ये चिलरला पर्याय उरत नाही. वीज गेली तर आधी प्राणवायू संपतो, उष्णता नंतर त्रास देते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप भरून तयार असावा. मे महिन्यात नवे तुकडे करूच नयेत, हिवाळ्यात करावेत.

वीज आणि उन्हाळा यांवरचा भरवशाचा विमा म्हणजे तुकडे वाटून ठेवणं. आपल्या टाकीतल्या प्रवाळाचा एक तुकडा कल्याणात, एक ठाण्यात कुणाकडे असेल तर आपली टाकी बसली तरी ते मूळ टिकतं. नेतानाही तोच नियम, तुकडा घासू नये. प्लग थर्माकोलच्या छोट्या तुकड्यात खोचून पिशवीतल्या पाण्यावर उलटा तरंगत ठेवतात. प्रवाळ खाली मोकळ्या पाण्यात लटकतं, पिशवीला लागत नाही. बाहेरून थर्माकोलचं खोकं असलं म्हणजे लोकलच्या गर्दीतला तासाभराचा प्रवास निभावतो.

ज्याच्याकडे तुकडा पोचतो त्यानं पिशवीचं पाणी आपल्या टाकीत ओतू नये. तुकडा आयोडिनच्या फिकट पाण्यात काही मिनिटं बुडवून, हलकेच झटकून घ्यावा. झोआन्थिड खाणाऱ्या बारीक समुद्रगोगलगायी यात गळून पडतात, पण त्यांची अंडी टिकून राहतात. प्लगच्या खालच्या बाजूला भिंगानं पाहिलं तर ती पांढुरक्या वेटोळ्यासारखी दिसतात. ती पात्यानं खरवडून काढावीत, शक्य असेल तर जुना प्लगच मोडून टाकावा आणि तुकडा नव्या प्लगवर, नव्या गोंदानं बसवावा.